चुलीचं पाणी आणि पिल्लांची खोली: दुसरा रेडिएटर अखेर तापला

चुलीवर तापलेलं पाणी पाइपांतून फिरवून दोन खोल्या उबदार ठेवायच्या, हे माझं काम चालू आहे; प्रत्येक खोलीत रेडिएटर, म्हणजे गरम पाण्यानं तापून खोली उबवणारी पाइपांची चौकट. मागच्या नोंदीनंतर गरम पाण्याची लाईन दोन्ही खोल्यांपर्यंत पोचली, पण तापत होती एकच. बाबांच्या खोलीतल्या रेडिएटरला तासाभरात हात लावता येत नव्हता आणि कोठ्याला लागून असलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या खोलीतला मात्र दोन तास उलटले तरी कोमटच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी केले तरी चालतं. इकडे यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि लाईटही नेमकी तेव्हाच जाते. बल्बवर भरवसा नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडनं पिल्लंही जातील आणि माणूसही. म्हणून धूर बाहेर, पाणी आत, असा हा खटाटोप.

मांडणी तीच आहे. चुलीच्या मागच्या अंगाला पाणी तापवायला ४ मिलिमीटर पत्र्याचा वेल्डिंग केलेला डबा, त्याच्या डोक्यावरून एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वर, सगळ्यात उंचावर उघडी टाकी, आणि तिथून दोन फाटे. रेडिएटर दोन इंची पाइपांच्या आडव्या ओळी जोडून गावातच बनवलेले. पंप नाही.

पंप का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. ७० अंशांच्या पाण्याचं वजन लिटरला साधारण ९७८ ग्रॅम आणि ५० अंशांच्या पाण्याचं ९८८. या दहा ग्रॅमच्या फरकावर माझं पाणी फिरतं. रेडिएटर डब्यापेक्षा एक मीटर उंच असला तर पाणी ढकलायला मिळणारा जोर जेमतेम १० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका. फार नाही, पण लाईट गेली तरी तो थांबत नाही. पंपावर विसंबलेली चूल लाईट गेल्यावर उकळते, कारण लाकडाला बटण नसतं. मात्र एवढ्याशा जोराला पाइपातली लहानशी अडचणही मोठी पडते. म्हणूनच अर्ध्या इंची पाइप वापरू नका. एक इंचीच्या तुलनेत त्यात विरोध दहापटीच्या घरात जातो.

आता तपासणी. पाइपावर थर्मामीटरचे प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी टोकं, चिकटपट्टीनं घट्ट बांधले आणि वरून चिंध्या गुंडाळल्या, नाहीतर प्रोब हवेचं तापमान दाखवतो. चूल नीट लागल्यावरचे आकडे असे: पहिल्या रेडिएटरला पाणी जाताना ६८, निघताना ६१. दुसऱ्याला जाताना ६५, निघताना ३४.

सगळी गोष्ट या चार आकड्यांत आहे. पहिल्यातून पाणी फक्त सात अंश देऊन परत पळतंय, म्हणजे त्याला गरजेपेक्षा जास्त पाणी मिळतंय. दुसऱ्यात एकतीस अंशांची घसरण आहे, म्हणजे पाणी पोचतं पण फार थोडं. मिनिटाला एक लिटर पाणी वीस अंश उतरलं तर साधारण १,४०० वॉट उष्णता मिळते, आणि दुसऱ्यातून तर त्याचा लहानसा वाटाही जात नव्हता. पाटाच्या पाण्याचा हाच न्याय आहे: वरचं बारं मोडल्याशिवाय, म्हणजे वरच्या वाफ्याचं तोंड बंद केल्याशिवाय, खालच्या वाफ्यात पाणी उतरत नाही. चुलीत जास्त लाकूड सारलं असतं तर पहिलाच आणखी तापला असता.

हात फिरवूनही बरंच कळतं. खालून गरम आणि डोक्याला थंड असेल तर आत हवा अडकली आहे. वरून गरम आणि तळाला थंड असेल तर गाळ किंवा संथ प्रवाह. माझा दुसऱ्या प्रकारचा होता, तरीही हवेचा संशय जात नव्हता, कारण सपरीतून जाताना ती लाईन दाराच्या चौकटीवरून उंच चढून पुन्हा उतरते. त्या उंचवट्यावरचं युनियन (पाइपाचा उघडता येणारा सांधा) किंचित सैल केलं तर बराच वेळ फुसफुस चालली. आता तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवून अर्ध्या इंचाची नळी उभी केली आणि तिचं तोंड टाकीच्या पातळीच्या वर उघडं ठेवलं. हवा आपली आपण निघते.

त्यानंतर पहिल्या रेडिएटरच्या परतीच्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून हळूहळू आवळायचा व्हॉल्व्ह, बसवला. बॉल व्हॉल्व्ह नको, त्याला पाव फेऱ्यात सगळं उघड-बंद होतं आणि बारीक जुळवणी जमत नाही. थोडा आवळायचा, अर्धा तास थांबायचं, पुन्हा आकडे बघायचे. घाईचं काम नाही. सध्या पहिला ६७ वरून ५३ आणि दुसरा ६५ वरून ४८ वर उतरतो. पिल्लांच्या पेटीसमोर टांगलेला बारदाना रेडिएटरवरून काढला, खालून-वरून चार-चार बोटं जागा मोकळी केली, तेव्हा खोलीतला फरकही जाणवला. हवा खालून शिरून वर निघाली नाही तर तापलेलं लोखंड स्वतःपुरतंच तापलेलं राहतं.

एक व्हॉल्व्ह मात्र कधीच बसवायचा नाही: डबा आणि उघडी टाकी यांच्या मधे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागतं. ती वाट बंद असेल तर चूल बॉम्ब होते.

हवा पुन्हा पुन्हा येण्याचं कारण घरातच होतं. आई म्हणाली, "कायले फिरवतं रे बाबू एवढं गरम पानी भितीतून? आंघोळीले कामी येईन ना!" आणि लाईनच्या तोटीतून रोज बादली भरली जायची. तितकंच बोअरचं ताजं पाणी टाकीत पडायचं. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते, शिवाय आमचं पाणी जड, क्षाराचं, ते डब्याच्या आतून थर धरतं. एकदा भरलेलं तेच पाणी फिरत राहिलं तर हवाही कमी आणि गंजही कमी. आता आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं चुलीच्या वैलावर असतं. आईला हे पूर्ण पटलेलं नाही, पण तोटीला प्लग ठोकला आहे.

डब्याच्या बाहेरची बाजू खरवडली तर चिकट काळा थर निघाला. परतीचं पाणी फार गार असलं की डब्याचा पत्रा थंड राहतो आणि धुरातलं डांबर त्यावर बसतं. ते उष्णता अडवतं. परतीचं तापमान ५५ च्या वर ठेवलं की हे बरंच कमी होतं. मी अजून तिथे पोचलेलो नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, भडकते आणि विझते, तिच्यावर चूल पेटवायची, पण धरून ठेवायला बाभळीचं वाळलेलं लाकूडच हवं.

राहिलं काम सपरीतल्या उघड्या पाइपाचं. एक इंची पाइप गरम असताना मीटरला ५० वॉटच्या आसपास उष्णता वाऱ्यावर सोडतो. एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी काळी फोमची नळी चुलीपासून लांबच्या भागाला लावणार आहे, आणि चुलीजवळ काचलोकर व वरून टिनाचा पत्रा. पुढची पिल्लं त्यानंतरच आणायची.