डायमध्ये अडकलेली केस

6 मिमी-06 हे काडतूस दुकानात तयार मिळत नाही. .30-06 ची रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी घ्यायची आणि .243 इंची गोळी बसेल इतकी तिची मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं तोंड, बारीक करायची, बस्स. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गॅरेजमध्ये या 'बस्स'ने माझे दोन दिवस खाल्ले.

मान एका दमात दाबायची नाही, आधी .25-06 च्या, म्हणजे मधल्या मापाच्या डायमधून (केस दाबून घडवायच्या पोलादी साच्यातून) काढायची, मग शेवटच्या 6 मिमी-06 च्या, एवढं ठाऊक होतं. एकोणीस केस सरसर गेल्या. विसावीला वंगण लावलं का, आठवेना. लावलंच असेल म्हणून प्रेसचं हँडल दाबलं. अर्ध्यात जड गेलं, तरी रेटलं. हँडल वर घेताना कट्कन आवाज आला आणि ते एकदम हलकं झालं. केसचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरने बुडाची कड ओरबाडून आणली होती. केस आत तशीच!

वरून तेल सोडलं. रात्रभर डाय फ्रीझरमध्ये ठेवली. "अहो, मटारांशेजारी हे काय?" यापलीकडे काही निष्पन्न झालं नाही. शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, आधी डीकॅपिंगची कांडी (डायमधली, जुना प्रायमर ढकलून काढणारी) जमेल तेवढी वर घे, नाहीतर ड्रिल तिच्यावरच जाईल. मग प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, खळग्यातून भोक पाडलं, पाव इंची टॅपने आटे पाडले, डायच्या तोंडावर मोठा नट आणि वॉशर ठेवून त्यातून बोल्ट पिळला. पाना अर्धा अर्धा फेरा. पितळ कुरकुरलं आणि टप्पकन सुटलं. डायला ओरखडासुद्धा नाही! दिव्याखाली तीनदा फिरवून पाहिली.

म्हणून वंगण प्रत्येक केसला, पण खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, थापू नका. माझ्या चार केसना तिथे खळगे पडलेत. मान दाबली की तिथलं पितळ जाड होतं. गोळी बसवून मानेचा बाहेरचा व्यास मोजा. चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत) मोकळीक उरत नसेल तर मान बाहेरून कातून घ्या. गोळी सुटायला जागा नसली की दाब भलताच चढतो. पावडरचा माझा आकडा मागू नका, तो माझ्या रायफलचा आहे.

हो, राहिलंच. बुडावर छाप जुनाच, .30-06 चा. डब्यावर ठळक लिहा. मी हौसेने मराठीत लिहिलं होतं. त्या गृहस्थांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि मुकाट्याने मार्कर माझ्या हातात दिला.