ऑब्सिडियनमध्ये नोंदी हलवताना: माझा अनुभव

नोंदींचं कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की मी आधी एवढंच बघतो: आत टाकलेलं उद्या बाहेर काढता येईल का? ऑब्सिडियन या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न लगेच मिटला. प्रत्येक नोंद ही साधी मार्कडाउन फाइल (साध्या खुणा वापरून लिहिलेला साधा मजकूर) असते आणि ती आपल्याच डिस्कवरच्या फोल्डरमध्ये राहते. त्या फोल्डरला ‘व्हॉल्ट’ म्हणतात. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतात. खातं उघडावं लागत नाही. पैसे लागतात ते सिंक (सगळ्या यंत्रांवर त्याच नोंदी ठेवणं) आणि पब्लिश (नोंदी वेबवर प्रसिद्ध करणं) या सेवांचे.

सगळ्या जुन्या नोंदी एकदम ओतल्या नाहीत. ‘चाचणी’ नावाचा वेगळा व्हॉल्ट करून त्यात चाळीसएक नोंदी घेतल्या, पण मुद्दाम किचकट: चित्रं असलेल्या, तक्ते असलेल्या, टिकमार्कच्या याद्या. सेटिंग्जमध्ये कम्युनिटी प्लगइन्स (वरून बसवायच्या जोडण्या) चालू करून दुसरीकडच्या नोंदी आणणारा ‘इम्पोर्टर’ बसवला. तो ऑब्सिडियनच्याच मंडळींचा आहे. एव्हरनोटमधून आणायचं तर तिथून आधी एनेक्स (.enex) फाइल काढायची, गूगल कीपमधून आणायचं तर टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवायच्या सेवेची झिप.

इम्पोर्ट करण्याआधी ‘फाइल्स अँड लिंक्स’मध्ये अटॅचमेंटचा फोल्डर ठरवून ठेवा. नाहीतर पुढे चिकटवलेलं प्रत्येक चित्र थेट व्हॉल्टच्या मुळाशी जाऊन पडतं. इम्पोर्ट झाल्यावर शीर्षकं तपासा. शीर्षक म्हणजेच फाइलचं नाव, त्यामुळे ‘१२/४ बैठक: खर्च’मधली तिरकी रेघ आणि कोलन तसंच राहू शकत नाही. मी तारखा २०२५-०४-१२ अशा लिहायला लागलो; क्रमानेही लागतात.

दुवा द्यायचा तर नोंदीचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहायचं. नाव बदलायचं ते ऑब्सिडियनमध्येच, म्हणजे सगळीकडचे दुवे आपोआप बदलतात. फाइल मॅनेजरमधून बदललं की दुवे तुटतात. नोंदींमधले दुवे चित्रात दाखवणारा आलेख बघायला छान आहे. कामाला मला तरी आला नाही.

खरा वेळ गेला तो मराठीत. दोन अक्षरं बघा: ॲ आणि अॅ. पडद्यावर सारखीच दिसतात, पण पहिलं युनिकोडमधलं एकच अक्षर आहे आणि दुसरं म्हणजे अ वर वेगळा दिलेला चंद्र. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी. फोनचा कीबोर्ड एक देतो, संगणकाचा दुसरं. मग ‘ॲप’ शोधलं की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दुव्यात चुकीचं रूप पडलं की क्लिक केल्यावर त्याच नावाची दिसणारी कोरी नोंद तयार होते. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचीही तीच गत: कुणी नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडतं, कुणी साध्या र चा पाय मोडून न दिसणारं जोडचिन्ह घालतं.

तात्पुरता उपाय म्हणजे शोधाच्या चौकटीत दोन तिरक्या रेघांमध्ये पर्याय देणं: /ॲप|अॅप/. कायमचा उपाय म्हणजे सगळीकडे एकच रूप. फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे चांगल्या टेक्स्ट एडिटरमधून पूर्ण फोल्डरवर एकदम शोधा-बदला चालवता येतं. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॉल्टची प्रत काढा. (ऑब्सिडियनमधली ‘फाइल रिकव्हरी’ साधारण दर ५ मिनिटांनी नोंद जपून ७ दिवस ठेवते, पण ती त्याच यंत्रावर असते, तिला बॅकअप समजू नका.) मग फाइलींची नावं ऑब्सिडियनमधून बदला, म्हणजे दुवे बरोबर येतील. मजकुरातली बदली शेवटी. मी आधी मजकूर बदलला होता. दुवे नव्या नावाकडे बोट दाखवत होते आणि फाइली जुन्याच नावाने बसल्या होत्या.

सिंक एकाच सेवेचं ठेवा. एकाच व्हॉल्टवर दोन सेवा लावल्या तर एकाच नोंदीच्या दोन-तीन प्रती होतात, आणि त्यातली ताजी कुठली हे प्रत्येक उघडून बघावं लागतं.