भिंत सावकाश वाळावी म्हणून

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घराला आतून रंग दिला. पश्चिमेच्या भिंतीवर दुसरा हात भर दुपारी मारला गेला आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, तर रोलरच्या प्रत्येक फेरीचा जोड पट्ट्यासारखा उठून दिसत होता. रंगारी मामा म्हणाले, "साहेब, हा बिनवासाचा रंग हात फिरवेपर्यंत सुकतो." रेझिनच्या, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेली असल्यामुळे त्यांचे दुखणे मला लगेच कळले : डब्यात ग्लायकॉल, म्हणजे रंग सावकाश सुकू देणारा द्रव, कमी होते.

पाण्यावर आधारलेल्या इमल्शनमध्ये प्रोपिलीन किंवा एथिलीन ग्लायकॉल घालतात. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर ही दोन्ही अनुक्रमे सुमारे १८८ आणि १९७ अंशांना. शिवाय ती पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे रंगाची कड काही मिनिटे ओली राहते आणि पुढची फेरी तिच्यात मिसळून जाते. पुस्तकांत ग्लायकॉलचा पहिला उपयोग मात्र वेगळाच सांगितलेला असतो. थंड देशांत गोदामातला रंग गोठला, तर रेझिनचे कण एकमेकांना चिकटून फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात, ते ग्लायकॉल टाळते. निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही घसरला, तरी आमच्याकडे दुकानातला डबा गोठण्याची भीती नाही. आमचा खरा शत्रू एप्रिलची कोरडी हवा.

मग बिनवासाच्या रंगात ग्लायकॉल कमी का करतात? युरोपीय नियमांनुसार रंगातील जी सेंद्रिय संयुगे २५० अंशांपर्यंत उकळतात ती बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणारी, धरली जातात, आणि ही दोन्ही ग्लायकॉल त्यात सापडतात. घरातली हवा स्वच्छ राहावी हा हेतू योग्यच आहे, पण रंगाऱ्याच्या हातातला वेळ त्यामुळे घटतो, हे डब्यावर कुणी लिहीत नाही. जास्त पाणी घालणे हा त्यावर उपाय नव्हे, कारण पाणी उडून जाते आणि झाकण्याची ताकद तेवढी घटते.

दुकानात हवी ती छटा मिसळून देणाऱ्या शेड मशीनच्या रंगद्रव्यांत आणि इंकजेट प्रिंटरच्या शाईतही ग्लायकॉलचा पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण कामाला येतो. तिथे भिंतीऐवजी नळीचे बारीक तोंड सुकू द्यायचे नसते.

याच कुळातले निओपेंटिल ग्लायकॉल मात्र उडून जातच नाही. अंबड-सातपूरला विजेच्या पॅनेलच्या पेट्यांवर जे पावडर कोटिंग होते, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी भाजून थर चढवतात, त्याच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते कायमचे गुंफलेले असते. त्याच्या मधल्या कार्बनला हायड्रोजन नसतो, दोन मिथाइल गट असतात. ते शेजारच्या, रेझिनचे रेणू जोडणाऱ्या एस्टर बंधांना पाण्यापासून आडोसा देतात, आणि म्हणून असा थर ऊन-पावसात टिकतो. एकाच कुळातला एक पाहुणा आणि एक घरचा, असे मी नव्या मुलांना सांगत असे.

आमची भिंत शेवटी पुन्हा रंगवली. सकाळी सातला सुरुवात केली, पंखे बंद ठेवले. एकाने ब्रशने कडा धरल्या, दुसरा लगेच मागून रोलर फिरवत गेला, आणि ऊन त्या बाजूला वळण्यापूर्वी काम उरकले.