कॅलिपर बदलण्याआधी: पिकअपचा चिकटणारा ब्रेक सोडवताना

पुढचं एक चाक तापतं, गाडी त्या बाजूला ओढते, थांबल्यावर जळका वास येतो. अशा वेळी बहुतेक जण थेट नवा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, आणतात. नवा कॅलिपर बसवूनही चाक तसंच तापत राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, कारण दोष कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपात होता. म्हणून आता काहीही खोलायच्या आधी मी एकच गोष्ट ठरवतो: ब्रेक ऑइलचा दाब अडकून राहिलाय, की लोखंड लोखंडाला चिकटलंय?

गाडी १५-२० मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून चालवायची आणि शेवटी ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्यायची. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने डावी-उजवी बाजू मोजायची. डिस्कच्या चकचकीत भागावर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतं. नेम मधल्या गंजलेल्या टोपीवर धरावा. थोडा फरक सोडून द्या. एक बाजू ५०-६० अंशांनी जास्त असेल तर ब्रेक धरून राहतोय.

आता मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचा भाग जॅकने उचला आणि चासीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. पेडल दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर कॅलिपरच्या निपलला (ऑइल-हवा बाहेर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून निपल अर्धा फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन किंवा पॅड अडकलेत. निपल गंजलेलं असेल तर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा आणि सहा कोनी सॉकेट वापरा. उघड्या पान्ह्याने त्याचे कोपरे जातात.

दाब अडकलाय असं दिसलं तर निपल बंद करा, पेडल दाबून चाक पुन्हा जाम होऊ द्या आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइपाचा जोड सैल करा. तरीही चाक सुटलं नाही तर होज खराब. आतला रबराचा थर सुटून झडपेसारखा वागतो: पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण ते परत येत नाही. बाहेरून होज नवा दिसतो. होजला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आतून गंजून फुगली, तरी होज आवळला जातो. तो जोड सैल करताच चाक सुटलं तर दोष वर आहे. तेव्हा बहुधा दोन्ही पुढची चाकं तापतात. मास्टर सिलिंडर (ऑइलचा दाब तयार करणारा) बूस्टरपासून (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यापासून) काही मिलिमीटर सैल करून पाहा. ब्रेक लगेच सुटले तर त्या दोघांमधल्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, मोकळीक उरलेली नाही. ऑइल परत जायचं छिद्र बंदच राहतं.

लोखंडच अडकलं असेल तर पॅड बरंच सांगतात. सरकत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजला असेल, तर पिन किंवा पिस्टन. पॅड तिरका झिजला असेल, तर बहुधा एकच पिन जाम. काही पिकअपना चार पिस्टनचा फिक्स कॅलिपर असतो. त्यात सरकत्या पिन नसतात, एखादाच पिस्टन गंजतो आणि त्याच्यासमोरचा पॅडचा कोपरा जातो.

कॅलिपर काढल्यावर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पिन पूर्ण बाहेर काढून जुनं ग्रीस पुसा, भोकही साफ करा. गंजाचे खड्डे पडलेली पिन घासून वापरू नका, बदला. रबराची बाही असलेली पिन मूळ जागीच जाते, वर-खाली अदलाबदल केली तर तीच पिन जाम होते. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिकच हवं, कारण पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं. पातळ थर पुरे. भोक ठासून भरलं तर हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी उसळून परत येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रॅकेटवर पॅडचे कान बसतात त्या जागेकडे. स्टीलच्या क्लिपखाली गंजाचा पापुद्रा धरतो, क्लिप वर उचलतो आणि पॅड पाचरीसारखा अडकतो. क्लिप काढा, कानस आणि वायर ब्रशने स्वच्छ धातू लागेपर्यंत घासा, नवी क्लिप लावा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर काम झालेलं नाही. पॅडचा कान घासून बसवणं मला पटत नाही. गंज ब्रॅकेटवर आहे, तिथेच काढायचा.

पिस्टन मागे ढकलताना निपल उघडं ठेवून नळी बाटलीत सोडा, म्हणजे गाळ एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे उलटा जात नाही. सी-क्लँपचा जोर सगळ्या प्रवासात सारखा लागला पाहिजे. मध्येच अडत असेल तर सील किट किंवा नवा कॅलिपर. मागे डिस्क असून हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर बहुतेक पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. क्लँपने दाबले तर आतली यंत्रणा तुटते.

पिस्टन परत ओढतं ते चौकोनी सील. दाब येताच ते पिळतं, दाब गेला की सरळ होताना पिस्टनला किंचित मागे घेतं. सीलच्या खाचेत गंज साचला की ते पिस्टन आवळून धरतं, म्हणून नुसतं सील बदलून भागत नाही. खाच लाकडी काडीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने ओरखडा पडला तर गळती. पिस्टन काढायला समोर लाकडी ठोकळा ठेवून ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हळूहळू सोडा. बोटं मध्ये असतील तर चिरडतील. जोडताना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावा.

बसवताना बँजो बोल्टवर (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टवर) होजच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घाला, टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर ते खाली येतं आणि कितीही पेडल मारलं तरी एअर निघत नाही. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच भरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. टाकीतली पातळी मिनिमम खाली जाऊ देऊ नका, आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय तळाशी जाईल.

डिस्कवर निळे डाग, तडे किंवा किमान जाडीपेक्षा कमी माप असेल तर ती बदला. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र. खूप तापलेल्या चाकाचं बेअरिंगही तपासा: ग्रीस वितळून सीलमधून बाहेर आलेलं असू शकतं, आणि ढिलेपणा असेल तर चाक वर-खाली हलवून पाहिलं की तो लगेच हाताला जाणवतो.