जुन्या प्रिअसची बॅटरी सावकाश चार्ज करताना

आमची प्रिअस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हींवर चालणारी टोयोटाची हायब्रिड गाडी, 2008 सालची. न्यू जर्सीत ती रोज ऑफिसला जायची. घरून काम सुरू झाल्यावर मात्र आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू लागली. या बॅटऱ्या राबून जेवढ्या थकतात त्याहून जास्त बसून थकतात, असं माझं आता ठाम मत आहे. बॅटरी किती भरलीय ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या पट्ट्या भरून हिरव्या व्हायच्या आणि दोन चढ चढले की थेट गुलाबी. मागच्या सीटजवळचा पंखा सारखा घोंघावायचा. बिघाडाचा इशारा देणारा लाल त्रिकोण अजून पेटला नव्हता, वॉरंटी मात्र केव्हाच संपली होती. डीलरचा सल्ला एकच, मोठ्या बॅटरीचा नवा पॅक टाका, मजुरीसकट काही हजार डॉलर. सल्ला चूक नव्हता. पण सांगलीच्या वालचंदमध्ये इलेक्ट्रिकल शिकलेल्या बाईला आत काय चाललंय ते न बघता चेक फाडवेना.

सुरुवात केली ती मागे डिकीत असलेल्या 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीपासून. ती कमजोर झाली की गाडी चित्रविचित्र लक्षणं दाखवते आणि लोक उगाच मोठ्या बॅटरीला दोष देतात. आमची ठीक निघाली. मग ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून फोनवर आकडे पाहिले. या पिढीच्या प्रिअसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे 28 मॉड्यूल, म्हणजे सेलचे छोटे संच, एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येक 7.2 व्होल्टचं, मिळून 201.6. गाडीचा संगणक ते दोन-दोनच्या जोड्यांत मोजतो, म्हणून 14 आकडे दिसतात. नवऱ्याला गाडी चालवायला सांगून मी शेजारी फोन घेऊन बसले. उभ्या गाडीत सगळ्या जोड्या एका रांगेत होत्या. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की सहावी जोडी इतरांच्या जवळजवळ एक व्होल्ट खाली जायची. एखादा सेल पूर्ण मेला असता तर हा फरक उभ्या गाडीतही दिसला असता. इथे बहुधा सेल नुसते वरखाली झाले होते, म्हणजे काही जास्त भरलेले, काही कमी. उभ्या गाडीत प्रत्येक सेल आपापल्या वेगाने उतरतो, आणि गाडी पॅक कधी काठोकाठ भरत नाही. ती तो साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या मध्ये ठेवते, त्यामुळे मागे पडलेल्यांना गाठायची संधीच मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेरून चार्जर लावून सगळे सेल सावकाश काठोकाठ भरणं. पण चार्जरच्या आधी पंखा साफ केला. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे. तिथून केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड केली जाते, आणि या मॉडेलमध्ये जाळीमागे फिल्टर नाही. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या तांदळाच्या गोण्या आम्ही वर्षानुवर्षं त्याच जाळीला टेकवून ठेवत आलो. पंखा काढला तर पात्यांवर शालीच्या धाग्यांचा नमदा बसलेला! कोणी मला विचारलं की एकच काम करायचं तर कोणतं, तर मी हेच सांगेन. फुकट आहे, आणि धोकाही जवळजवळ नाही.

धोका पुढच्या कामात आहे. गाडी बंद असली की मोठे रिले (पॅकला बाकी गाडीशी जोडणारे स्विच) उघडे, म्हणजे तुटलेले असतात, म्हणून चार्जरची हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, रिलेच्या अलीकडे, थेट पॅकवर बसवावी लागते. त्यासाठी आधी 12 व्होल्टची तार सोडली, मग नारिंगी सर्व्हिस प्लग उपसला आणि इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरावी म्हणून दहा मिनिटं काही केलं नाही. प्लग मी माझ्या खिशात ठेवला, कोणी मदत म्हणून परत बसवू नये यासाठी. प्लग काढला म्हणजे बॅटरी थंडावली, असा गैरसमज सर्रास आहे. त्याने साखळी मध्ये तुटते एवढंच. तुकड्यात तरीही शंभराहून जास्त व्होल्ट डीसी राहतात, आणि जीव घ्यायला तेवढे पुरतात. 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे, वर चामड्याचे, चष्मा. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं घरात. नवरा झाडूचा लाकडी दांडा घेऊन उभा. ‘मला काही झालं तर हात लावू नकोस, दांड्याने ढकल,’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘हे जरा आधी सांगितलं असतंस तर मी नवा पॅकच आणला असता.’

मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडल्या होत्या. त्या काढून व्हिनेगरमध्ये बुडवल्या, घासल्या, कोरड्या करून परत बसवल्या. नट 5.4 न्यूटन-मीटरलाच आवळायचे. हाताच्या अंदाजाने जोर लावला तर प्लास्टिकमध्ये रुतवलेला बोल्ट फिरतो आणि मॉड्यूल बाद होतं. मॉड्यूल चौकटीतून सुटे काढून चार्ज करू नयेत हेही तेवढंच महत्त्वाचं, कारण दाबून धरणारं कोणी नसलं की ते फुगतात.

चार्जर जेमतेम 350 मिलिअँपिअरचा, म्हणजे 80 वॉटच्या आसपास. इतका सावकाश का, याला कारण आहे. पुढे असलेला सेल आधी भरतो. भरलेल्या सेलमध्ये ऑक्सिजन तयार होतो, तो दुसऱ्या इलेक्ट्रोडवर शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. करंट कमी असला तर सेलला हे पचतं, आणि मागचे सेल तोवर भरत राहतात. करंट जास्त दिला तर दाब वाढून वायू बाहेर पडतो, आणि त्यात हायड्रोजन असू शकतो. म्हणून चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा पंखा चालू, गॅरेजचं दार उघडं, आणि घरात कोणीतरी जागं. झोपायच्या वेळी मी चार्जर बंदच करायचे. वेळ वाढला, वाढू दे. व्होल्टेज चढत चढत 240 च्या जवळ थबकलं, बराच वेळ हललं नाही आणि पॅक कोमट लागायला लागला, तेव्हा थांबले.

काही जण बल्ब लावून पॅक पार खाली उतरवतात आणि मग भरतात. मी थोडंच उतरवलं. फार खाली नेलं की सर्वांत दुबळ्या सेलची धन-ऋण दिशाच उलटते, आणि शिवाय या गाडीत वेगळा स्टार्टर नाही. इंजिन फिरवायलाही हीच मोठी बॅटरी लागते, त्यामुळे ती रिकामी झाली तर जंपर केबल काही कामाची नाही.

प्लग परत बसवताना त्याचा दांडा शेवटच्या टप्प्यापर्यंत सरकवून लॉक करावा लागतो. नाहीतर गाडी ‘रेडी’ होतच नाही. आमची झाली. सहाव्या जोडीचा फरक एक व्होल्टवरून एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास आला, स्क्रीनवरच्या पट्ट्यांची उडी थांबली, मायलेजही बरंच परतलं. बॅटरी तरुण मात्र झालेली नाही. झिजलेली क्षमता चार्जरने परत येत नाही, फक्त उरलेली सगळी वापरता येते.

नागपूरचा भाऊ त्याच्या जुन्या कॅमरी हायब्रिडसाठी हाच चार्जर मागवू का म्हणून विचारत होता. तिचीही बॅटरी निकेलचीच, पण व्होल्टेज वेगळं, त्यामुळे चार्जर तिच्या मापाचाच हवा. तोवर पंखा साफ कर आणि मे महिन्यात एसी लावल्याशिवाय निघू नकोस, एवढं त्याला सांगितलं. पॅकला तीच केबिनची हवा मिळते. टोयोटा हायरायडर किंवा होंडा सिटी हायब्रिडवाल्यांनी मात्र यातलं काही करू नये. त्यांच्या बॅटऱ्या लिथियमच्या आहेत आणि त्यांना असं वरून भरत राहणं घातक आहे.

आता गाडी कुठे जायचं नसलं तरी अधूनमधून अर्धा तास फिरवून आणतो, आणि सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकत नाही, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. सहावी जोडी कधीतरी पुन्हा घसरेल. तेव्हा एकेक मॉड्यूल बदलत बसणार नाही; जुन्या पॅकमध्ये एक सांधावं तर तेरा तुटतात. नवाच पॅक घेईन आणि जुना रीसायकलला देईन. हार्नेस नव्यालाही बसते, ती तेवढी काढून ठेवायची.