क्योटोच्या बसमध्ये दोनशे तीस येन

टोकियोतले आमचे चार दिवस भुयारी रेल्वेत गेले. प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि क्रमांक असल्यामुळे जपानीचे एक अक्षर न वाचताही आम्ही 'जी-१९', म्हणजे असाकुसा, गाठत होतो. जिने चढून गुडघे बोलू लागले, पण वाट चुकली नाही. शहर मात्र तुकड्यातुकड्यांनी दिसले; दोन स्थानकांच्या मधले टोकियो कसे आहे, ते मी आजही सांगू शकणार नाही.

क्योटोत ही सोय अपुरी पडते. तिथे भुयारी मार्ग दोनच आहेत: उत्तर-दक्षिण धावणारा कारासुमा १९८१ साली सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम जाणारा तोझाई १९९७ साली. हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी राहिलेल्या या शहरात जमीन खणली की जुने अवशेष लागतात, त्यामुळे खोदकाम सोपे नसते. शिवाय किन्काकुजीचे सोनेरी मंदिर यांपैकी कोणत्याही मार्गावर नाही, म्हणून तिथे जाणारा बहुतेक प्रत्येक पर्यटक शेवटी बसकडेच वळतो.

टोकियोच्या शहर बसमध्ये पुढच्या दाराने चढून आधी पैसे भरायचे असतात; क्योटोत मागच्या दाराने चढून उतरताना चालकाशेजारच्या पेटीत २३० येन टाकायचे. वाहक नसतोच. मुंबईत बेस्टच्या वाहकाकडून 'सुटे द्या' ऐकत वाढलेल्या मला वाहकाविना बस ही चैन वाटली होती. परतीच्या बसमध्ये उभे राहायलाही जागा नव्हती आणि शिजो कावारामाचीच्या थांब्यावर पुढच्या दारापाशी पोहोचल्यावर कळले की माझ्या प्रवासाच्या कार्डातली शिल्लक संपली आहे. पाकिटात दहा हजारांची एकच नोट होती. पेटीजवळचे यंत्र मोड देते, पण हजाराच्या नोटेची आणि नाण्यांची. त्याहून मोठी नोट ते घेत नाही. चालकाने अत्यंत नम्रपणे मान हलवली. माझ्यामागे उतरणाऱ्यांची रांग होती आणि तिच्यातून चकार शब्द निघाला नाही. कोणी ओरडले असते, तर निदान मलाही भांडता आले असते.

नाण्यांचा बटवा नवऱ्याकडे होता आणि नवरा गर्दीत पार मागे अडकला होता. मी मराठीत हाक मारली, 'अहो, बटवा!' त्याने तो शेजारच्या माणसाच्या हाती दिला आणि मग खचाखच भरलेल्या त्या बसमधून तो हातोहात पुढे येऊ लागला. आमच्याकडे गर्दीच्या बसमध्ये तिकिटाचे पैसे असेच पुढे सरकतात, पण इथे ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि किंचित मान झुकवून दोन्ही हातांनीच पुढे दिला. शेवटी एका शाळकरी मुलाने तो माझ्या ओंजळीत ठेवला. मी मोजून २३० येन टाकले आणि चालकाने माझेच आभार मानले.

खाली उतरल्यावर नवरा म्हणाला, 'उद्यापासून भुयारी रेल्वे आणि चालणे.' त्याचे चुकत नव्हते. हिवाळ्यातले जाड कोट, पाठपिशव्या आणि दर थांब्यावर होणारी चेंगराचेंगरी यांत सुख कसले? मी मात्र समोरच्या दुकानात शिरले, भूक नसताना भाताचा एक त्रिकोणी गोळा विकत घेतला आणि ती दहा हजारांची नोट मोडली.