तुला ही जुनी मराठी गाणी कुठून माहीत?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, दिवाळी पहाटला विचारतात, ऑफिसच्या पिकनिकला बसमध्ये मी संगीतकार जितेंद्र अभिषेकींचं काहीतरी गुणगुणले की मागच्या सीटवरून कोणीतरी काका हमखास विचारतात. "तुझं वय काय आणि तू हे ऐकतेस? घरी कोणी गातं का?" आता इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच टाकावं. तर तुम्ही विचारलंत म्हणून.

घरी कोणी गात नाही. बाबा क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतात, आईला नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी आवडतात. आजीकडे रेडिओ होता म्हणे पण मी मोठी होईपर्यंत तो माळ्यावर गेला होता. म्हणजे मला हे वारशात वगैरे काही मिळालेलं नाही. मला ते डोंबिवली लोकलमध्ये कानात इयरफोन घालून मिळालं, फोनवर, एका गाण्यानंतर आपोआप दुसरं लागतं ना तसं.

सुरुवात कट्यारपासून. 2015 ला 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या वर्गातली अर्धी मुलं ती गाणी म्हणत होती, ज्यांचा शास्त्रीय संगीताशी काडीचा संबंध नव्हता तीसुद्धा. पुढे कॉलेजात असताना प्रवासात तीच गाणी लावली की अॅप आपलं आपण पुढे जायचं, आणि एक दिवस ते पुढे न जाता मागे गेलं, म्हणजे वसंतराव देशपांडे लागले, 1967 च्या मूळ नाटकात खाँसाहेब झालेले. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की हा माणूस गाताना काहीतरी भयंकर धाडसाचं करतोय, सूर असा फेकतोय की आता गेला, हातातून गेला, आणि मग बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन उभा राहतोय. मी ठाणे येईपर्यंत तेच परत परत लावलं.

इथे एक गोष्ट सांगते जी मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. अॅपमध्ये गाण्याचं वय दिसत नाही. गाण्याखाली जे साल असतं ते बऱ्याचदा कंपनीने सीडी काढली किंवा गाणं अपलोड केलं त्याचं असतं, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचं गाणं 2000 नंतरचं असल्यासारखं समोर येतं. म्हणजे आम्ही ऐकतो तेव्हा "हे जुनं आहे, थोर आहे, आता शांत बसून आदराने ऐका" असं कोणी सांगत नाही. ते नवीन गाणं म्हणूनच कानावर पडतं. आवडलं तर राहतं, नाही आवडलं तर दहा सेकंदांत पुढे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण लहानपणी ज्या गोष्टी "आपली संस्कृती आहे" म्हणून समोर आल्या त्यांच्यापासून माझ्या वयाची मुलं लांबच पळाली, आणि ही गाणी मात्र कोणी हात धरून नेलं नाही तरी सापडली.

आणि ती आवडायला सोपी आहेत खरंच. मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळातल्या गायकाला जे सांगायचं ते तेवढ्यात सांगावं लागायचं. नंतर मोठ्या रेकॉर्डी आल्या तरी भावगीताची ती सवय फारशी गेली नाही. चार वाद्यं, एक आवाज, शब्द न शब्द ऐकू येतो. दिवसभर कर्णकर्कश आवाजात राहिल्यावर असं काही कानात पडलं की माणूस सैल होतो, त्यासाठी राग ओळखता यायला लागत नाही. माझी एक रूममेट होती, मराठी कविता तिने दहावीनंतर वाचलीच नव्हती, ती 'भय इथले संपत नाही' रात्री लूपवर लावून झोपायची. ते लिहिणारे कवी ग्रेस कोण हे तिला नंतर कळलं, आधी ते गाणं तिचं झालं.

रील्सवर लोक जुन्या गाण्यांची चाल संथ करून, घुमवून टाकतात त्यावर खूप जण चिडतात. मी नाही चिडत. इंग्लंडमध्ये गायिका केट बुशचं 1985 चं गाणं एका वेबसिरीजमुळे 2022 मध्ये पहिल्या नंबरवर गेलं, तिथल्या शाळकरी मुलांना ते नवंच होतं. दार कुठलंही असो, आत आलेला माणूस कधी ना कधी मूळ गाणं शोधतोच, निदान काही जण तरी शोधतात, आणि तेवढे पुरे.

पण शोधताना आमचं अडतं कुठे ते सांगते, कारण खरं सांगायचं होतं ते हेच.

वसंतरावांवरून मी अभिषेकींवर आले, कट्यारचं संगीत त्यांचं म्हणून. मग ते स्वतः गातात हे कळलं आणि 'शब्दावाचून कळले सारे' ऐकलं, 'माझे जीवनगाणे' ऐकलं आणि मी वेडीच झाले. पाडगावकरांचे शब्द आहेत हे शाळेतल्या पुस्तकामुळे ओळखीचं वाटलं. चाल मी अभिषेकींचीच धरून चालले होते, कारण अॅपवर एकच नाव होतं. मग 'आठवणीतली गाणी' ही वेबसाइट सापडली, तिथे प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि संगीत या शब्दापुढे लिहिलं होतं पु. ल. देशपांडे.

पुलं! ज्यांचे अंतू बर्वा आणि नारायण आम्ही भावंडं गाडीतून गावाला जाताना ऐकायचो, ते पुलं. ते मी जन्मायच्या आधीच गेले, माझ्यासाठी ते हसवणारा आवाज होते. मग मी त्यांच्या नावाने शोधत बसले. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी', 1953 च्या 'गुळाचा गणपती'मधलं, चाल पुलंची. माणिक वर्मांचं 'कबिराचे विणतो शेले', चाल पुलंची. आणि 'नाच रे मोरा', जे मी बालवाडीत हात वर करून नाचले होते, त्याच 1953 सालच्या 'देवबाप्पा'मधलं, तेही पुलंचं! या तिन्हीचे शब्द गदिमांचे. बालवाडीपासून लोकलपर्यंत एकच माणूस माझ्या सोबत होता आणि फोनने मला ते एकदाही सांगितलं नाही.

खळ्यांचंही तसंच. 'श्रावणात घननिळा बरसला', 'शुक्रतारा मंद वारा', 'या चिमण्यांनो परत फिरा रे' आणि 'जय जय महाराष्ट्र माझा', जे 2023 मध्ये राज्यगीत झालं, ही चारही गाणी संगीतकार श्रीनिवास खळे यांची. लता मंगेशकर, अरुण दाते, शाहीर साबळे अशा वेगवेगळ्या नावांखाली ती विखुरलेली असतात, आणि अॅप एका गायकाकडून दुसऱ्या गायकाकडे नेतं, संगीतकाराचा धागा धरून सहसा नेत नाही, कवीचा तर नाहीच नाही. त्यात मराठी गाण्यांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात, एकाच गाण्याची तीन स्पेलिंगं, कुठे मूळ गाणं, कुठे कोणीतरी नंतर गायलेलं, आणि फोटो भलत्याचाच.

तुमच्या रेडिओवर निवेदक होते. गाण्याआधी किंवा नंतर शांतपणे सांगायचे, गीतकार अमुक, संगीतकार तमुक, स्वर यांचा. माझी आजी कधी गाणं शिकली नव्हती पण खळे कोण, यशवंत देव कोण, राम फाटक कोण हे तिला पाठ होतं, आणि ते तिला त्या निवेदकांनी शिकवलं होतं, रोज, न शिकवल्यासारखं. आमच्याकडे गाणी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पाहिजे तेव्हा आहेत, पण सांगणारं कोणी नाही. आम्ही वरवर ऐकतो असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांना माझं हेच उत्तर आहे. आम्ही खोल जायला तयार आहोत हो, पण खाली जायच्या पायऱ्याच काढून टाकल्यात.

म्हणून मला "अगं वा, या वयात!" असं कौतुक नकोय. खरंच नकोय. मला माहिती हवीय. आमच्या सोसायटीत एक काकू आहेत, त्यांना कळलं मी 'सखी मंद झाल्या तारका' सुधीर फडक्यांचं ऐकते, तर त्यांनी विचारलं, "आणि भीमसेनांचं?" मला माहीतच नव्हतं की तेच गाणं, सुधीर मोघ्यांचे तेच शब्द, राम फाटकांची चाल, भीमसेनांनीही गायलंय. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे बसून दोन्ही ऐकली. बाबूजी, म्हणजे फडके, एकेक शब्द जपून ठेवतात आणि भीमसेन तीच ओळ श्वास भरून मोठी करतात, आणि काकू मधेच थांबवून "आता ऐक, इथे बघ काय करतात" म्हणायच्या.

अशी माणसं घराघरात आहेत. तुमच्याकडे रेकॉर्डची जुनी कव्हरं असतील, कॅसेटच्या आतले ते घडी घातलेले कागद असतील ज्यावर वादकांचीसुद्धा नावं छापलेली असतात, तर रद्दीत घालू नका, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, भाचीला पाठवा, गाणं पाठवलंत तर खाली कवीचं आणि संगीतकाराचं नाव टाईप करा. आणि पुढच्या वेळी एखादी मुलगी बसमध्ये काहीतरी गुणगुणताना दिसली तर तिचं वय नका विचारू, ते गाणं अजून कोणी गायलंय ते सांगा.